मदत हवी आहे: मैत्रिणी धीर देतात, पण त्यांचं बोलणं मनाला पटतच नाही

चांदणवेल:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचत होते, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात एमडी ॲनेस्थेशियाच्या (भूलशास्त्राच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात माझी डीआरपी (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्राम) सुरू होतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमडी-एमएस करणाऱ्यांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करावं लागतं. इथे रात्री काही अडलं तर एसआर, म्हणजे सीनियर रेसिडेंट, शेजारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) असतात, हाक मारली की येतात. तिथे एवढी माणसं नसणार. आणि माझ्या डोक्यात एकच चाललंय, की मी या कोर्सला चुकून आलेय आणि तिथे ते उघडं पडणार.

याचं मूळ मला माहीत आहे. मी 2023 च्या बॅचची. त्या वर्षी सप्टेंबरात नीट पीजीच्या (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेच्या) पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली आणि 'आता कुणीही एमडी होईल' असे मेसेज सगळीकडे फिरले. माझे मार्क आधीच्या पन्नास पर्सेंटाइलच्या अटीतही बसत होते, पण मला सीट लागली ती त्यानंतरच्या फेरीत. हवं होतं मेडिसिन, मिळालं ॲनेस्थेशिया. उरलेली सीट, उरलेली मुलगी, हे तेव्हा मनात बसलं ते बसलंच. घरात मी पहिलीच डॉक्टर, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सेमिनारला उभी राहिले की प्रत्येक इंग्रजी वाक्य आधी मनात जुळवून घेते.

काम होत नाही असं नाही. उदाहरण देते. मागे एका रात्री तातडीचं सिझर आलं. बाळाचे ठोके कमी होत होते, गायनॅकवाले घाई करत होते, एसआर ट्रॉमाच्या केसमध्ये अडकलेले. बाई कळांनी इतकी बेजार की तिला पाठ वाकवून बसता येत नव्हतं. सिस्टरना तिच्या खांद्याशी उभं केलं, तिला म्हटलं 'ताई, आता कळ गेली की बोला', आणि दोन कळांच्या मधल्या वेळात स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यातून भुलीचं इंजेक्शन, दिला. सुईतून पाणी स्वच्छ आलं, म्हणजे सुई बरोबर जागी होती. नंतर बीपी उतरलं, ते उतरतंच. बीपी वाढवणारं फिनाइलएफ्रिन सिरिंजमध्ये भरून ठेवलं होतं, दिलं, सावरलं. बाळ लगेच रडलं. बाळ घ्यायला पीडियाट्रिक्सकडून माझी रूममेटच आली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "भारी केलंस गं." मी म्हटलं, "अगं, पाठ सोपी होती."

पाठ सोपी नव्हती. पण माझ्या हातून झालं म्हटल्यावर ते सोपंच असणार, असं मला खरोखर वाटायला लागतं.

आमचा चौघींचा ग्रुप आहे. तिघीही जीव लावणाऱ्या आहेत, रोज धीर देतात. मला मात्र वाटतं, मैत्रिणी आहेत म्हणून बोलतात. त्याहून वाईट म्हणजे कौतुक ऐकलं की भीती वाढते, की आता यांनाही फसवलं. कुणाला असं झालंय का? मित्रमैत्रिणींच्या धीराचा तुम्हाला उपयोग झाला असेल तर नेमका कशामुळे झाला? 'पॉझिटिव्ह राहा' हे ऐकून झालंय, त्याच्या पलीकडचं काही असेल तर कृपया सांगा.

खारवारा:

झालंय. मी पूल बांधणाऱ्या कंपनीत आहे, पॉलिटेक्निक करून मग डिग्री केलेला. मीटिंगमध्ये सगळे मोठ्या कॉलेजांतले. माझ्या मित्राने एकदाच एक काम केलं: 'तू हुशार आहेस' म्हणणं बंद केलं आणि मी काढलेल्या ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाला, इथे पाणी साचलं असतं, हे आमच्यापैकी कुणाला दिसलं नव्हतं, तुला दिसलं. त्यावर मला काही बोलताच आलं नाही. तुमच्या रूममेटला विचारा, 'भारी म्हणजे काय? तू काय पाहिलंस?' ती त्या खोलीत होती, तिच्याकडे उत्तर असणार.

मृदगंध:

चांदणवेल, मी समुपदेशक आहे. तुम्ही लिहिलेला 'यांनाही फसवलं' हा विचार ज्याला 'इम्पोस्टर सिंड्रोम' म्हणतात त्या अनुभवाच्या अगदी गाभ्याचा आहे. 1978 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी यावर पहिला निबंध लिहिला, दीडशेहून जास्त कर्तबगार स्त्रियांबरोबरच्या कामावरून. पदव्या, मान, सगळं असूनही या बायका यशाचं श्रेय नशिबाला किंवा परीक्षकाच्या चुकीला देत होत्या. हा आजार नाही, त्या दोघींनीही तसं म्हटलं नव्हतं.

त्यांनी सुचवलेल्या दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. पहिली, कुणी चांगलं बोललं की ते लिहून ठेवायचं आणि त्याच्याच खाली आपण ते कसं उडवून लावलं तेही लिहायचं. 'पाठ सोपी होती' हे वाक्य तुमच्या वहीत किती वेळा येतं ते बघा. मग काही दिवस उलटं करायचं: उत्तर द्यायचं नाही, ऐकून घ्यायचं.

दुसरी मला फार आवडते. ज्यांना ज्यांना आपण फसवलं असं वाटतं, त्यांना मनातल्या मनात समोर बसवायचं, 'मी तुम्हाला फसवलं' असं सांगायचं आणि ते काय म्हणतील याची कल्पना करायची. तुमच्या एसआरना बसवून बघा. ते रागावतील हो! रोज तुमचं काम बघणाऱ्या माणसाला तुम्ही सांगताय की त्याला काम ओळखता येत नाही.

आणि हे चौघींनी एकत्र करा. क्लान्स आणि आइम्स या दोघींनीही गटात बोलण्यावर भर दिला होता. समोरच्या हुशार बाईचा न्यूनगंड किती निराधार आहे हे आपल्याला चटकन दिसतं, आणि तिथून स्वतःकडे बघणं सोपं जातं.

रानजाई:

थोडं वेगळं मत मांडते. सगळं काही चांदणवेलच्या डोक्यातलं आहे असं धरून चालू नका. शून्य पर्सेंटाइलचे मेसेज तिने कल्पिलेले नाहीत, इंग्रजी अडखळलं की होणारी कुजबूजही खरी असते. 2021 मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन बुरे यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हेच मांडलं होतं, की बायकांना 'तुम्हाला इम्पोस्टर सिंड्रोम आहे' म्हणण्याआधी त्या कुठे काम करतात तिथलं वातावरण बघा. मुलीला सारखं 'तू इथली नाहीस' असं जाणवून द्यायचं आणि वर 'आत्मविश्वास वाढव' म्हणायचं, हा अन्याय आहे. मैत्रिणींनी धीर द्यावाच, पण कुणी टोमणा मारला तर तिथल्या तिथे तिच्या बाजूने बोलावंसुद्धा. माझ्या पाठीशी अशी एक मैत्रीण उभी राहिली होती, म्हणून मी नोकरीत टिकले.

डोंगरवाट:

बाळ, मी तालुक्याच्या गावी भूल देणारा डॉक्टर आहे, केस पांढरे झाले. दोन-तीन गोष्टी सांगतो.

'उरलेली सीट' हे आधी काढून टाक. बाळ जन्मल्यावर एक आणि पाच मिनिटांनी तुझी रूममेट बाळाची तब्येत बघून जो ॲपगार स्कोअर देते, तो व्हर्जिनिया ॲपगार यांनी 1952 मध्ये तयार केला. त्या भूलतज्ज्ञच होत्या. त्यांना खरं तर सर्जन व्हायचं होतं, शिक्षणही त्याचं घेतलं होतं, पण त्यांच्या विभागप्रमुखांनी त्या वाटेवरून परावृत्त केलं म्हणून त्या आपल्या शाखेत आल्या. पुढे जगभरच्या प्रसूतिगृहांत त्यांचं नाव रोज घेतलं जातंय. शाखेत माणूस कुठल्या दाराने आला हे नंतर कोण विचारतं?

दुसरं, तुझ्या लिहिण्यात मला एक शब्द दिसला: फिनाइलएफ्रिन 'भरून ठेवलं होतं'. बीपी उतरायच्या आधी. ते नशिबाने भरलं जात नाही. कळ जाईपर्यंत थांबणं, सिस्टरना खांद्याशी उभं करणं, हेही कुणी हात धरून करवून घेतलं नाही. माझ्या ओटीत असा रेसिडेंट असता तर मी निश्चिंत राहिलो असतो.

तिसरं, लॉगबुक, म्हणजे तू केलेल्या केसेसची नोंदवही. ते तुम्ही सही घेण्यापुरतं भरता, माहीत आहे मला. डीआरपीला जाण्याआधी एका संध्याकाळी ते पहिल्या पानापासून वाच. वर सही कुणाची आहे तेही बघ.

भीती पूर्ण जाणार नाही, आणि जाऊही नये. मशीन तपासताना, सक्शन चालू आहे की नाही बघताना ती कामी येते. भीतीने झोप मात्र उडाली असेल तर वेगळं बघावं लागेल.

मृदगंध:

डोंगरवाट सरांच्या शेवटच्या ओळीला जोडून: झोप, भूक गेली असेल किंवा सगळंच नकोसं वाटत असेल तर तुमच्या कॉलेजच्या मानसोपचार विभागात बोला. ओळखीचे लोक म्हणून संकोच वाटला तर टेली-मानसला 14416 वर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं.

चांदणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. झोप ठीक आहे, फक्त कॉल ड्युटीच्या आदल्या रात्री लागत नाही. नंबर ठेवलाय.

खारवारा, तुमचा प्रश्न मी रूममेटला जसाच्या तसा विचारला. ती जेवत होती, हात धुवून आली आणि म्हणाली, "तू त्या बाईशी बोलत होतीस, आवाज एकदाही चढला नाही. मी बाळाच्या टेबलाशी घाबरून उभी होते, तुझा आवाज ऐकून माझ्या हातांची थरथर थांबली. आणि गायनॅकचे सर 'लवकर, लवकर' म्हणत होते, तर तू त्यांना म्हणालीस, एक मिनिट द्या सर. त्यांनी दिलं." हे मला आठवतच नव्हतं! मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, मृदगंध यांचं आठवलं आणि गप्प बसले. फार अवघड गेलं, पण तिचं म्हणणं पहिल्यांदाच आत पोचलं.

मग तिने तिचं सांगितलं. नवजात बाळाला लाइन लावताना तिलाही रोज वाटतं की आज पितळ उघडं पडणार. माझ्या डोळ्यांदेखत ती इतक्या इवल्या शिरा शोधते, आणि तिला असं वाटतं! आता चौघींनी ठरवलंय, नुसतं 'भारी' म्हणायचं नाही, काय पाहिलं ते सांगायचं.

रानजाई, टोमण्यांबद्दल लिहिलंत, बरं वाटलं. ते ग्रुपवर वाचून दाखवलं.

डोंगरवाट सर, एक विचारायचं होतं. डीआरपीला गेल्यावर पहिल्या दिवशी काय बघून ठेवू?

डोंगरवाट:

तिथल्या भूलतज्ज्ञांना भेट, रात्री कुणाला आणि किती वाजेपर्यंत फोन करायचा ते त्यांच्याच तोंडून ऐक. 'कधीही कर' म्हणाले तर कधीही कर, भीड ठेवू नकोस. मशीन स्वतः तपास, जादा ऑक्सिजन सिलिंडर आणि त्याची चावी कुठे असते ते बघ. एलएमए आणि बूजी (श्वासाची नळी घालणं अवघड गेलं तर लागणारी साधनं) कुठल्या कपाटात आहेत, कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) चालतो का, रक्तपेढी किती लांब आहे. ओटीच्या सिस्टरना नावाने ओळखायला लाग, अर्धं काम तिथेच होतं. पोचलीस की इथे कळव.