सेकंडहॅन्ड लॅपटॉप घेतल्यावर आधी विंडोज उडवा – पटतं का?

आर्णीकर (धागा सुरू करणारा):
बहिणीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षासाठी लॅपटॉप हवा होता. नवा परवडणारा नव्हता. सोयाबीनच्या पैशातून सतरा हजार बाजूला काढले अन् नागपूरच्या एका दुकानातून रिफर्बिश्ड मशीन आणलं. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्डडिस्क. दुकानदार म्हणाला, "विंडोज इलेव्हन टाकून दिलं, ओरिजिनल आहे." तिथंच माशी शिंकली. विंडोज ११ सहाव्या पिढीच्या प्रोसेसरला मायक्रोसॉफ्ट देतच नाही, म्हणजे तपासणी चुकवून बसवलेलं.

घरी आणून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) उघडलं. एक्स्क्लुजनच्या, म्हणजे तपासायचं नाही अशा, यादीत सी ड्राइव्हमधला एक अख्खा फोल्डर. म्हणजे राखणदारालाच सांगून ठेवलंय, या धुऱ्याकडे फिरकायचं नाही. टास्क शेड्युलरमध्ये दर काही दिवसांनी आपोआप चालणारं एक काम, तेही त्याच फोल्डरातून. ॲक्टिव्हेशनचा क्रॅक असेल, म्हणजे चोरीचं विंडोज अस्सल भासवणारा जुगाड. पण तेवढंच आहे की आणखी काही, हे कोण सांगणार? मग सहज म्हणून फोटोरेक (पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर) चालवलं, तर जुन्या मालकाच्या पगाराच्या स्लिपा अन् कोणाच्या तरी बारशाचे फोटो वर आले. पाळण्याला बांधलेले फुगेसुद्धा मोजता येत होते. बंद केलं लगेच.

डिस्क पूर्ण पुसून बाजूला ठेवली, नवी एसएसडी (वेगवान डिस्क) घातली, लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे ओएस) टाकलं, टाकतानाच एन्क्रिप्शनवर टिक केली, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क कोणाला वाचता येत नाही. माझं म्हणणं एवढंच की दुकानातून आलेल्या ओएसवर एक दिवसही बँकेचं काम करू नका. आणि हे फक्त छोट्या दुकानांचं नाही. लेनोवोने २०१४-१५ मध्ये नव्याकोऱ्या लॅपटॉपांत सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर घालून विकलं होतं. ते स्वतःचं प्रमाणपत्र बसवून बँकेच्या सुरक्षित पानाच्याही मधे घुसायचं, आणि सगळ्या लॅपटॉपांवर त्याची गुप्त किल्ली एकच होती. एकाने ती फोडली की सगळ्यांचं कुलूप उघडं.

सेतूवाली ताई:
भाऊ, तुमचं सारं खरं. पण तुम्ही घरी बसून बोलून राह्यले, मी काउंटरवर बसून. माझ्याकडच्या अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (अंगठा आधारशी जुळवायले लागते ते सॉफ्टवेअर) विंडोजवर चालते. डिजिटल सही करायचा यूएसबीचा डोंगलही मी विंडोजवरच चालवते. कलर प्रिंटरचा ड्रायव्हर मिंटवर बसवता बसवता एका पोट्ट्यानं माझा अख्खा मंगळवार खाल्ला, अन् शेवटी प्रिंट आली तं आडवी. त्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बाहेर बारा जण उभे होते. त्याईले काय सांगू, थांबा बापा, मी माही प्रायव्हसी सांभाळून राह्यली?

अन् प्रायव्हसी कशाची हो? माणूस दारातून आत येता येताच ओटीपी ओरडून सांगते. आधारची झेरॉक्स खराब निघाली का लोक तिथंच फेकून जातात, मागून शेंगदाणेवाला तेच कागद घेऊन पुड्या बांधते. लॅपटॉपातलं विंडोज काढून हे थांबते का?

आर्णीकर:
ताई, तुमच्या काउंटरवर विंडोज राहू द्या, त्यावर वाद नाही. पण मग ते अस्सल पाहिजे. लोकांचे अंगठे ज्या मशीनवर लागतात, तिथं क्रॅक म्हणजे कोंबड्याच्या खुराड्यात कोल्हा बांधणं आहे. तुमचं कोणी टाकून दिलं होतं?

सेतूवाली ताई:
इथल्याच पोट्ट्यानं. तीनशे रुपये घेतले. आता तुम्ही सांगतलं म्हणून ते एक्स्क्लुजनचं उघडून पाह्यलं. आमच्याकडंही एक फोल्डर आहे.

तळघर:
धागाकर्त्याचा उत्साह चांगला आहे, पण ओएस बदललं की मशीन आपलं झालं, हा भ्रम आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये साधारण २००८ पासून मॅनेजमेंट इंजिन नावाचा वेगळा छोटा कॉम्प्युटर असतो. तो स्वतःचं सॉफ्टवेअर चालवतो, विंडोज असो की लिनक्स, त्याला फरक पडत नाही. २०१७ मध्ये त्यात मोठ्या त्रुटी सापडल्या, तेव्हा इंटेललाच दुरुस्ती काढावी लागली. तुमची सहावी पिढी त्यात आली होती. एएमडीकडेही असाच वेगळा प्रोसेसर आहे. तुम्ही वरच्या मजल्याला रंग दिला, तळघर तसंच आहे. बायोस (ओएसच्याही आधी चालू होणारं मशीनचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं का, हे तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही.

दुसरं, तुम्ही पर्याय दोनच धरले, क्रॅक किंवा लिनक्स. तिसरा आहे. कंपन्यांमधून निघालेल्या अशा बहुतेक मशीनची विंडोजची किल्ली बायोसमध्येच असते. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) घ्या, पेनड्राइव्हवरून स्वच्छ इन्स्टॉल करा, विंडोज १० आपोआप अस्सल होतं. आपल्याकडच्या नव्वद टक्के लोकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं (टक्केवारी माझी, अंदाजपंचे).

आर्णीकर:
बायोस अपडेट केलं नव्हतं. कबूल. आज रात्री करतो, लाइट टिकली तर. आमच्याकडे मधेच वीज गेली आणि बॅटरीने दगा दिला तर मशीनची वीट होते, म्हणून टाळत होतो.

पण तळघरातून माझ्या बहिणीवर पाळत ठेवायला कोण येणार आहे? तेवढी अक्कल अन् पैसा ज्याच्याकडे आहे, त्याला आर्णीतली बी.एस्सी.ची वही नकोय. मला भीती त्या तीनशेवाल्या पोट्ट्याची, कुरिअरमध्ये चोरी होण्याची, बसमध्ये बॅग राहून जाण्याची.

आणि स्वच्छ विंडोजचं म्हणाल तर दोन अडचणी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुसरं, विंडोज ८ पासून बायोसला एक मुभा आहे, बूट होताना तो स्वतःचा प्रोग्राम चिठ्ठीसारखा विंडोजच्या हातात ठेवू शकतो. २०१५ मध्ये याच वाटेने लेनोवोचं एक सॉफ्टवेअर स्वच्छ इन्स्टॉलनंतरही परत येत होतं. लोक फॉरमॅट मारून थकले, शेवटी कंपनीला ते काढायचं अपडेट द्यावं लागलं. लिनक्स ती चिठ्ठी वाचतच नाही.

तळघर:
चिठ्ठीचा मुद्दा बरोबर. मागे घेतो, पण अर्धाच.

पोलीस भरती २:
तुम्ही सारे लॅपटॉपवर भांडून राह्यले, अन् खिशात काय आहे? माह्या मित्रानं पाच हजारासाठी एक लोनचं ॲप टाकलं. कॉन्टॅक्ट, फोटो, सारं अलाऊ अलाऊ करत गेला. हप्ता चुकला तं त्याच्या मामीले फोन, सरपंचाले फोन. लॅपटॉपात लिनक्स टाकून त्याची इज्जत वाचली असती का? अन् नव्या विंडोजमध्ये तं म्हणे रिकॉल आलं, दर काही सेकंदाला स्क्रीनचा फोटो काढते. मंग तुमचं एन्क्रिप्शन काय कामाचं?

तळघर:
रिकॉल सतरा हजारांच्या मशीनवर येत नाही. त्याला वेगळी एआयची चिप आणि १६ जीबी रॅम लागते. गरिबाला एवढी एक सूट आहे. बाकी मोबाइलचं तुमचं म्हणणं खरं, पण दाराला कडी नाही म्हणून खिडकीही उघडी टाकायची का?

निवृत्त मास्तर:
माझा विरोध वेगळ्या कारणाने. आमच्या शाळेत एकदा लिनक्स टाकलेले दहा संगणक आले. आम्हां शिक्षकांना त्यातलं काही येईना. कोणी शिकवायला आलं नाही. आठवड्याभरात तालुक्याहून माणूस बोलावून सगळ्यांवर चोरीचं विंडोज चढवलं. त्याच पेनड्राइव्हने दहाही संगणकांना व्हायरस लागला, मुलांच्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले. केरळने शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअर आणलं तेव्हा आधी शिक्षकांना बसवून शिकवलं. इथं आधी डबे येतात, शिकवणारा येतच नाही. आर्णीकर, तुम्ही बहिणीला मिंट शिकवलं, की नुसतं टाकून दिलं? वायफाय बंद पडलं तर तिला काय करायचं कळतं?

आर्णीकर:
मास्तर, वायफायचं तर पहिल्याच दिवशी झालं. कार्डाचा ड्रायव्हर नव्हता. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, ड्रायव्हर उतरवला, चाललं. तिला दाखवलंय.

दुसरं वर्ष:
दाखवलं नाही. स्वतः केलं अन् "बघ" म्हणाला. मी तेव्हा पोळ्या करत होते.

मी तीच बहीण. कॉलेजच्या ग्रुपवर ही चर्चा आली म्हणून कळलं. मिंट मला चालतं. वायफायचं मी नंतर मैत्रिणीकडून शिकले. प्रॅक्टिकलची फाइल लिब्रे ऑफिसमध्ये करते, फक्त सरांकडे उघडली की तक्ते इकडेतिकडे सरकतात, म्हणून पीडीएफ पाठवते. विंडोज पाहिजेच असं मला वाटत नाही. पण एवढे लोक विचारून राह्यले, कोणापासून लपवायचं. मला कोणीच नाही विचारलं. एन्क्रिप्शनचा पासवर्ड दादानं टाकला. लॉगिनचा पण त्याचाच, आमच्या बैलाचं नाव अन् पुढे १२३. दर आठवड्याला दादा "अपडेट पाहतो" म्हणून लॅपटॉप घेऊन बसते. ब्राउजरची हिस्ट्री मला पुसायला लागते.

सेतूवाली ताई:
घ्या. पडलं विंडोज, उडालं क्रॅक, अन् चोर घरातच निघाला.

आर्णीकर:
ताई, हसा. हिस्ट्री मी पाहत नाही, आईची शपथ. पण पासवर्ड तुझा पाहिजे होता, हे खरं. मेनूत डिस्क्स उघड, एन्क्रिप्टेड पार्टिशनवर क्लिक कर, गिअरच्या खुणेत चेंज पासफ्रेज आहे. जुना तुला माहीत आहे. लॉगिनचा युजर्समधून बदल. मी संध्याकाळी पऱ्हाटीतून येईस्तोवर करून टाक.

दुसरं वर्ष:
केलं. दोन्ही. विसरले तर?

आर्णीकर:
तर गेलं सगळं. मलाही उघडता येणार नाही, दुकानदारालाही नाही. प्रॅक्टिकलची फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेव.

सेतूवाली ताई:
अन् पोरी, पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहू नको. आमच्याकडं झेरॉक्सले येतात त्या वह्या.