ग्राहक शिव्या देत होता, मी फोन ठेवला

रातपाळी
फोनवर तक्रारी घ्यायचं काम मी सहा वर्षं करतेय. गेल्या आठवड्यात एक माणूस अकरा मिनिटं माझ्याशी बोलला. पहिली दोन मिनिटं अडकलेल्या रिफंडबद्दल. उरलेली नऊ माझी आई, माझं शरीर, माझी लायकी. आमच्याकडे नियम असा की ग्राहकाने ठेवल्याशिवाय आपण फोन ठेवायचा नाही. मी तीनदा शांतपणे सांगितलं, "असंच बोलत राहिलात तर मला कॉल बंद करावा लागेल." मग बंद केला.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरने अख्ख्या फ्लोअरसमोर उभं केलं. "तू कोण लागून गेलीस फोन ठेवणारी?" म्हणाले आणि मेमो पुढे केला. मी विचारलं, रेकॉर्डिंग ऐकलंत? ऐकलं नव्हतं. सही न करता मी जागेवर जाऊन बसले. हात थरथरत होते, पण त्या रात्री मला झोप लागली.

माझं मत स्पष्ट आहे. ग्राहक असो की साहेब, अपमान झाला तर तिथल्या तिथे सांगायलाच हवं. गिळत राहिलं की समोरच्याला वाटतं, हे यांच्या पगारातच धरलेलं आहे. विरोधी मतंही हवी आहेत, नुसतं "शाबास" नको.

सरळसोट
पगारात ते धरलेलंच असतं. तक्रार विभागात काम घेतलं म्हणजे चिडलेली माणसं भेटणार, हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. झेपत नसेल तर दुसरं काम बघावं. संतापलेल्या माणसाच्या तोंडावर फोन ठेवणं मला पटत नाही.

निळीशाई
चिडलेली माणसं भेटणार हे मान्य. पण शिव्या खायच्या, असं कुठल्या नेमणूकपत्रात लिहिलेलं असतं?

आर्ली हॉकशिल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली या विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांनी दोन टोकांची माणसं अभ्यासली: विमानात प्रवाशांची सरबराई करणाऱ्या मुली आणि थकबाकी वसूल करणारे. एकीला आतून कितीही वैताग आला तरी हसायचं, दुसऱ्याला दया आली तरी दरडावायचं. दोघांनाही मनातलं दाबून चेहरा वेगळा ठेवायचे पैसे मिळतात. याला त्यांनी 'भावनिक श्रम' म्हटलं. आणि एकदा श्रम म्हटले की त्यांना मर्यादाही हवी, असं माझं म्हणणं. पाठीवर किती ओझं द्यायचं याला हद्द असते. मनावर किती द्यायचं याला का नसावी?

जुना_जाणता
रातपाळी, तुमच्याबद्दल वाईट वाटलं. तरी माझं मत तुमच्या विरोधात आहे, आणि ते जरा सविस्तर सांगतो.

मी रुग्णालयाच्या चौकशी खिडकीमागे अठरा वर्षं काढली, त्यातली शेवटची सात प्रमुख म्हणून. खिडकीवर येऊन ओरडणाऱ्या माणसाला आम्ही बहुतेक वेळा आधीच तीन ठिकाणी फिरवलेलं असायचं. हा कागद तिकडे, तो शिक्का वरच्या मजल्यावर, वरच्या मजल्यावरचा माणूस जेवायला गेलेला. माझ्यापर्यंत येईतो त्याचा तोल गेलेला असे. एकाने मला काचेतून हात घालून कॉलरला धरलं होतं. त्याचा भाऊ आत होता आणि दोन तास त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. कॉलर धरणं चूकच. पण ते दोन तास आमचे होते.

तुमच्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट सापडली नाही. त्याचा रिफंड का अडकला होता? पहिली दोन मिनिटं तो तेच सांगत होता. एवढ्या मोठ्या कंपनीत त्याच्यासाठी उघडं असलेलं एकच दार म्हणजे तुम्ही. ते लावून घेतल्यावर त्याने जायचं कुठे?

रातपाळी
हा प्रश्न लागला मला. खरं सांगते, मी त्याची केस नंतर उघडूनही पाहिली नाही. इतकी उसवले होते. पण जाणता दादा, तुम्हाला कॉलरला धरल्यावर तुम्ही काय केलंत? कोणीतरी येऊन त्याला बाजूला केलंच असेल ना? माझ्या हेडफोनमध्ये मधे पडायला कोणी येत नाही. फोन ठेवणं हीच माझी काच.

उंबरठा
रातपाळी बरोबर आहे हे मान्य करूनच सांगतो, असं करू नका. निदान एकट्याने करू नका.

मीही तिथल्या तिथे बोललो होतो. साहेब माझ्या हाताखालच्या पोराला सगळ्यांसमोर "गाढवा" म्हणाले, मी म्हटलं, "त्याला नाव आहे." इतकंच. महिन्याभरात माझं काम काढून घेतलं, मग बसायची जागा बदलली, मग 'कामगिरी असमाधानकारक'. आठ महिने घरी होतो. ज्याच्यासाठी बोललो तो पोरगा तेव्हा खाली मान घालून बसला होता. त्याच्यावर राग नाही माझा, त्याला म्हातारे आईवडील होते.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली मांडलेलं पुढे वाचनात आलं. न पटणाऱ्या ठिकाणी माणसापुढे दोन रस्ते: निघून जाणं किंवा आवाज उठवणं. ज्याला जाता येतं त्याच्या आवाजाला वजन येतं. हा सोडून जाईल, ही भीती वरच्याला असेल तरच तो ऐकतो. माझ्याकडे जायला दुसरं ठिकाण नव्हतं आणि साहेबांना ते ठाऊक होतं. तेव्हा "बोला, घाबरू नका" म्हणणाऱ्यांनी आधी विचारावं, या माणसाच्या घरात किती महिन्यांचं साठलेलं आहे.

पाऊलवाट
उंबरठा, तुमचं सोसणं खरं आहे. पण गप्प बसण्याचाही हिशोब मांडा ना.

बांगलादेशातल्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ ला तडे दिसले. खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे शिवणाऱ्या कामगारांना दुसऱ्या दिवशी सकाळी परत बोलावलं गेलं. आत जायला ते कचरत होते. पगार कापायची धमकी मिळाल्याचं बचावलेल्यांनी सांगितलं. इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसं गेली. त्यांना धोका कळला नव्हता असं नाही. नाही म्हणायची सोय नव्हती. तिथल्या एकाही कारखान्यात कामगारांची संघटना नव्हती.

फोनवरची शिवी आणि कोसळलेली इमारत एका मापाची नाही, हे मलाही कळतं. पण 'साहेब म्हणाले म्हणजे आत जायचं' ही सवय अशा बारीक गोष्टींतच लागते.

सरळसोट
राणा प्लाझापर्यंत जायची काय गरज? तिथे जीव जात होता, इथे कोणी फोनवर ओरडलं. सगळ्याच गोष्टी एका तागडीत घातल्या की खऱ्या अन्यायाची किंमत उतरते.

कानोसा
माझं मत वेगळ्याच कारणाने विरोधी आहे.

माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं. ते फोनवर मोठ्याने बोलतात, एकच वाक्य तीनदा म्हणतात, समोरचं ऐकू आलं नाही की चिडतात. मागे त्यांच्या पेन्शनच्या कामात एका मुलीने "तुम्ही ओरडताय, मी कॉल बंद करते" म्हणून फोन ठेवला. त्यांना वाटलं लाइन गेली. पुन्हा लावला, पुन्हा रांग, पुन्हा तेच. चौथ्यांदा त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "माझं काय चुकलं ते विचार." ते वाक्य अजून कानात आहे.

फोन ठेवायचा हक्क दिलात की तो अशा माणसांवरही वापरला जाणार. काय उद्धट आणि काय नुसतं अडचणीतलं, हे त्या क्षणी कोण ठरवणार? शिफ्टच्या सातव्या तासाला थकलेली मुलगी?

निळीशाई
कानोसा, प्रश्न रास्त आहे, म्हणूनच तो त्या मुलीच्या मर्जीवर सोडू नये. दक्षिण कोरियात ऑक्टोबर २०१८ पासून कायदाच आहे. ग्राहकांशी बोलणाऱ्या कामगाराला शिवीगाळ झाली तर मालकाने त्याचं काम काही वेळ थांबवायचं किंवा दुसरं द्यायचं. तशी मागणी केली म्हणून कामावरून काढता येत नाही. ग्राहकाला देव म्हणण्याची रीत जपानमध्येही आहे. तरी टोकियोने एप्रिल २०२५ पासून ग्राहकांकडून होणाऱ्या छळाविरुद्ध नियम लागू केला. त्यात शिक्षा नाही, पण असं वागायचं नाही हे शहराने लिहून तरी ठेवलं. २०१९ चा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करारही कामावरच्या छळाबाबत ग्राहकासारख्या बाहेरच्या माणसांना धरून विचार करायला सांगतो.

म्हणजे रातपाळीने एकटीने धाडस करावं अशी वेळच यायला नको.

जुना_जाणता
इथे मी थोडा सरकतो. टोयोटाच्या कारखान्यात यंत्ररांगेवर एक दोरी असते. खोट दिसली की कुठलाही कामगार ती ओढतो, मुकादम धावत येतो, आणि अडचण सुटली नाही तर रांग थांबते. दोरी ओढणाऱ्याने काम बंद पाडलं असं कोणी म्हणत नाही, खोट लवकर सापडली असं धरतात. पण लक्षात घ्या, दोरी कारखान्यानेच टांगलेली असते, आणि ती ओढल्यावर मुकादम मदतीला येतो. रातपाळीने दोरी ओढली, तर मुकादम मेमो घेऊन आला.

तरी पहिल्या दोन मिनिटांबद्दलचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

उंबरठा
रातपाळी, आता जे झालं ते झालं. पुढचं मात्र नीट करा. मला हे उशिरा कळलं म्हणून सांगतो. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, तेव्हा आसपास कोण होतं, हे त्याच दिवशी स्वतःच्या वहीत लिहा, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नको. मेमो नाकारू नका, "मिळाला, मजकूर मान्य नाही" असं लिहून सही करा आणि प्रत मागून घ्या. नाकारलात तर म्हणतील, हिने घेतलाच नाही. रेकॉर्डिंग जपून ठेवण्याची लेखी विनंती आजच करा, काही ठिकाणी ती ठरावीक दिवसांनी पुसतात. साहेब तोंडी काही म्हणाले तर संध्याकाळी साधा मेल टाका: "आपण आज असं सांगितलंत, मला बरोबर समजलं ना?" उत्तर नाही आलं तरी तो मेल राहतो.

आणि शेजारच्या खुर्च्यांवर बसणाऱ्यांशी बोला. माझं तेच राहिलं होतं.

सरळसोट
हा सल्ला मला पटतो. मूळ मत तेच आहे, फोन ठेवायला नको होता. पण रेकॉर्डिंग न ऐकता मेमो देणारा माणूस त्या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही.

रातपाळी
सगळ्यांचे आभार, विरोधात लिहिणाऱ्यांचे जास्त.

काल मी त्याची केस उघडली. रिफंड अडीच महिन्यांपूर्वी मंजूर झालेला आहे. पुढच्या टप्प्यावर एका सहीसाठी पडून आहे, आणि ती सही ज्यांच्याकडे आहे त्यांनीच मला मेमो दिला. त्याने आधी सहा वेळा फोन केला होता. सहाही वेळा आमच्यातल्याच कोणीतरी "दोन दिवसांत होईल" सांगितलं. त्यातली एकदा मी होते. मला आठवतही नाही.

त्याने जे शब्द वापरले ते मी अजूनही माफ केलेले नाहीत. पण काल पहिल्यांदा मला त्याच्यापेक्षा त्या सहीचा राग जास्त आला.

उंबरठा दादा, शेजारच्या खुर्च्यांशी बोलले. नऊ जणींपैकी पाच जणी अर्जावर सही करायला तयार झाल्या. दोघी घाबरल्या, दोघी म्हणाल्या विचार करून सांगतो. दोन सूचना दिल्यावर कॉल सुपरवायझरकडे वळवायचा, आणि सुपरवायझरने तो घ्यायचाच, एवढं मागितलंय. फोन ठेवायचा की नाही ते त्यांनी ठरवावं, शिव्या ऐकून. दुसरी मागणी, तीनपेक्षा जास्त वेळा आलेली तक्रार कोणाच्या टेबलावर अडकलीय ते आम्हाला दिसायला हवं. "दोन दिवसांत होईल" हे खोटं आम्हाला आता सांगायचं नाही.

कानोसा, तुमच्या वडिलांमुळे एक ओळ वाढवली. "मोठा आवाज ही शिवीगाळ धरू नये, ऐकू येतं का, हे आधी विचारावं." ती ओळ घाबरलेल्या दोघींपैकी एकीने सुचवलेल्या शब्दांत आहे. सही तिने अजून केलेली नाही.

अर्ज गुरुवारी देणार आहोत, पाचही जणी एकदम आत जाऊन.