मदत हवी आहे : दम्याचा पंप, खोकल्याचं सिरप आणि लेकीची स्पर्धा

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. मुलगी १६ वर्षांची, ८०० मीटर धावते, दमा लहानपणापासून (खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ खातच वाढली, अजून काय होणार). डॉक्टरांनी दिलेला साल्ब्युटामॉलचा पंप चालू आहे. परवा बांबोळीला राज्य पातळीची स्पर्धा आहे.

झालं असं की चवथीची गडबड संपली आणि तिला खोकला लागला, मी फार्मसीतून सिरप आणलं, तिने कालपर्यंत घेतलं आणि आज सहज बाटली वाचली तर त्यात टर्ब्युटालीन, म्हणजे खेळाडूंना बंदी असलेलं, डोपिंग टेस्टमध्ये पकडलं जाणारं औषध! २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर ८ महिन्यांची बंदी आली ती याच औषधामुळे, त्यानेही खोकल्याचंच सिरप घेतलं होतं. पंपाचं बघितलं, तो चालतो पण मर्यादेत, ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅम आणि २४ तासांत १६००, आमच्या पंपातून एका वेळी १०० येतात. टर्ब्युटालीनला मात्र टीयूई म्हणजे आधी घेतलेली परवानगी लागते, स्पर्धा असो नसो.

तिच्या कोच सरांना फोन केला तर म्हणाले, "कोणाक सांगू नाका, हांगा कोण टेस्ट करता?" टेस्ट होणार नाही म्हणून धावायचं, हे मनाला पटत नाही. आणि पोरीने मुद्दाम काही केलेलं नाही, चूक माझी, मग तिची वर्षभराची मेहनत का घालवायची, हेही वाटतं.

त्यात भर म्हणजे मैदानावर एका पालकाने तिच्या तोंडावर म्हटलं, "पंप मारून धावते म्हणून पुढे." तेव्हापासून ती प्रॅक्टिसआधी पंप घ्यायचं टाळते, रविवारी दुसऱ्या राउंडला छाती घरघरायला लागली तेव्हा मला कळलं. गंमत बघा, तेच गृहस्थ दोन दिवसांनी आमच्या डॉक्टरांचा नंबर मागत होते, त्यांच्या मुलाला दमाबिमा काही नाही, म्हणे "थोडा दम वाढेल."

तर कोणाची मुलं खेळतात त्यांनी सांगा, नाव मागे घेऊ की आयोजकांना सिरपचं सरळ सांगून तिला उतरवू? आणि तिला पंपाचं कसं समजावू?

---

प्रतिसाद : दादा, टेस्टच्या फॉर्मवर मागच्या ७ दिवसांची औषधं लिहितात, पण लिहिलं म्हणून सुटका होत नाही, शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. चुकून घेतलं असेल तर शिक्षा कमी होऊ शकते, इतकंच. मी असतो तर यावेळी नाव मागे घेतलं असतं. पंप मात्र आजपासून सुरू करा, चष्मा लावून पेपर लिहिणाऱ्याला कोणी कॉपी केली म्हणतं का?