प्रतिसाद: नवा टर्बो पुन्हा का जातो, आणि वॉटर पंपाचं ते भोक

वर विचारलंय की ३६० अंशांचं थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) असलेला सुधारित टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर) बसवला तर पुन्हा पुन्हा जाणं थांबेल का. जुन्या २७० अंशांच्या बेअरिंगपेक्षा ते अक्षाच्या दिशेचा भार जास्त पेलतं, हे खरं. पण तेलच पोचलं नाही तर कुठलंही बेअरिंग जळणार. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो.

म्हणून बसवताना तेलाचा पुरवठा पाइप नवाच घ्या. जुन्यात आत कोळसा धरलेला असतो, नुसता धुऊन तो निघत नाही. तेलाच्या जोडांवर गळती रोखायची सिलिकॉन पेस्ट अजिबात नको. तिचा तुकडा सुटला की तेलाची वाट बंद. टर्बोच्या तेलाच्या इनलेटमध्ये स्वच्छ तेल ओता, इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा मारा, परतीच्या पाइपातून तेल आलं की मगच इंजिन चालू करा. परतीचा पाइप खाली उतरताच हवा. तो तुंबला किंवा क्रँककेसचा ब्रीदर (इंजिनाच्या खालच्या भागातला वायू बाहेर सोडणारी वाट) चोंदला की सील चांगलं असूनही टर्बो तेल ओकतो आणि दोष मात्र टर्बोला लागतो!

इंजिन थंड ठेवायला पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या बॉडीवरचं छोटं भोक एम-सीलने बुजवायचा सल्ला कृपया पाळू नका. सीलमधून निसटलेलं पाणी बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावं म्हणूनच ते असतं. वाळलेला डाग चालतो, सतत थेंब म्हणजे सील गेलं. सिलिकॉन कार्बाइडचं सील जास्त टिकतं, पण बोअरचं जड पाणी घातलं तर त्यावरही क्षार बसून चरे पडतात. डीमिनरलाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घ्या.