पॅटागोनियातले उंच दात: गवत की राख?

मृण्मयी:
घोड्यांच्या बाबतीत क्रम ठरलेला असतो: हवा कोरडी झाली, गवताळ माळ पसरले, गवतातल्या सिलिकाने दात झिजू लागले, म्हणून उंच दाढांचे प्राणी टिकले. मग दक्षिण अमेरिकेतल्या नोटोउंग्युलेट या नामशेष खुरधारी गटात उंच दाढा ३.८ कोटी वर्षांपूर्वीच कशा दिसतात? तेव्हा तिथे माळ होते का?

विदुला:
नव्हते. दक्षिण अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात ग्रान बारान्का नावाचा कडा आहे; तिथल्या थरांतले फायटोलिथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. (वनस्पतीच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, झाड कुजले तरी मातीत उरतात.) गवताचे कण तिथे आहेत, पण वर्चस्व नाही. ताडकुळातल्या झाडांचे काटेरी गोल कण मात्र भरपूर. आणि तो कडाच मुळी बहुतांशी ज्वालामुखीच्या राखेचा! राख म्हणजे काचेचा चुरा, दातावरच्या कठीण आवरणापेक्षा (इनॅमल) किंचित कठीण. पानांवर बसलेली ती राख पिढ्यान् पिढ्या चावली गेली. मला हेच कारण सर्वांत पटते.

बेसाल्ट:
सहमत, पण आकडे जपून वापरा. खालच्या तिसऱ्या दाढेच्या उंचीला रुंदीने भागतात. १.५ च्या आत आले तर ठेंगणी, ३ च्या पुढे उंच. झिजलेली दाढ घेतली की उत्तर खोटे कमी येते. म्हणून हिरडीतून वर न आलेली दाढ सीटी स्कॅनवर मोजावी. मूळच नसलेल्या, जन्मभर वाढणाऱ्या दाढांना हा भागाकार लागू होत नाही.
राखेच्या थरांतून फायटोलिथ काढणेही किचकट. आम्लाने चुना आणि ऑक्सिडीकारकाने सेंद्रिय द्रव्य काढून, साधारण २.३ घनतेच्या जड द्रवात नमुना फिरवतात. हलके फायटोलिथ तरंगतात, वाळूतले क्वार्ट्झ हे खनिज (२.६५) तळाशी जाते. ज्वालामुखी काचेची घनता मात्र फायटोलिथच्या जवळपास असल्याने तीही सोबत तरंगते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण ओळखूनच मोजावा लागतो.

मृण्मयी:
मग ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या थंडाव्याचा काहीच वाटा नाही?

विदुला:
आहे, पण नंतरचा. अंटार्क्टिकावर हिमथर बसले ते तेव्हाच. त्यानंतरच्या, चिलीतल्या तिंगुइरिरिकाच्या जीवाश्मांत बहुतेक शाकाहारी उंच दाढांचे आहेत. अँडीज तर आणखी उशिरा पुरेशी उंच झाली. पॅसिफिकवरून येणारे ओले वारे अडले आणि पूर्व पॅटागोनिया वाळत गेला, सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वीपासून. तोवर उंच दाढांना दोन कोटींहून जास्त वर्षे लोटली होती.