मालवण सहल : शनिवारचा कार्यक्रम (सोसायटी ग्रुपवरून)

शिल्पा, ए-२०२ : शनिवार फायनल करतेय. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, मग जेवण, ३ वाजता देवबागला संगमावर वॉटर स्पोर्ट्स आणि तिथेच मुलांचं पोहणं. हरकत असेल तर आत्ताच सांगा, नंतर कुरकुर नको 😄

सावंत काका, बी-१०४ : हरकत आहे. शनिवारी पौर्णिमा. पौर्णिमा-अमावस्येला आमच्याकडे भरती ११-१२ च्या सुमारास पूर्ण होते, मग ओहोटी. ३ वाजता ओढ ऐन जोरात. कर्ली नदीचं पाणी तेव्हा संगमातून थेट समुद्रात धावतं.

रोहन, ए-५०१ : काका, लाइफ जॅकेट असतंच की सगळ्यांना.

सावंत काका : जॅकेट बुडू देत नाही रे बाबा, वाहत जायला अडवत नाही. संगमावर होडीतून हिंडा, बनाना राइड करा, पण उतरायचं नाही. पोहायचं ते तारकर्लीला, सकाळी ९ ते ११, पाणी चढत असताना. तेही छातीच्या आत.

रोहन : आणि ओढलंच तर?

सावंत काका : किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही. किनाऱ्याला समांतर आडवं पोहत ओढीतून बाहेर पडायचं. दम नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करायचा.

कुलकर्णी काकू, सी-१०१ : किल्ल्यात ती राणीची वेळ आहे ना, छोटीशी पुळण? मुलांना तिथे सोडलं तर चालेल?

सावंत काका : पाय भिजवू देत वहिनी, पोहू नका देऊ. कुरटे बेट म्हणजे अख्खा खडक. १६६४ मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला तो उगाच नाही. वाट ठाऊक नसलेलं गलबत त्या खडपांवर फुटायचंच. ती खडपं अजून तिथेच आहेत, भरतीत दिसत नाहीत एवढंच. वर कालवं चिकटलेली असतात, ब्लेडसारखी कापतात. शेवाळावरून तर मीसुद्धा घसरतो.

शिल्पा : मग किल्ल्याजवळचं स्नॉर्कलिंग रद्द?

सावंत काका : छे, ते कराच! त्या खडकांमुळेच तिथे प्रवाळ आणि मासे आहेत. सकाळी करा, दुपारी वारा सुटला की लाटा वाढतात. होडीवाल्याचा माणूस पाण्यात सोबत हवा. आणि प्रवाळावर उभं राहून फोटो नकोत, १९८७ पासून अभयारण्य आहे ते.

डॉ. मीनल, सी-३०३ : स्कूबावाल्यांनो, दमा, हृदयविकार, फिट्स असतील तर मला आधी विचारा. सर्दी असेल त्या दिवशी नाहीच, कानाचा पडदा दुखावतो. पाण्याखाली अंगठा वर केला की ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो, मस्त चाललंय म्हणून दाखवू नका. चिपीहून विमान असेल तर डाइव्हनंतर निदान १२ तास जाऊ द्या.

रोहन : अंगठ्याचं बरं सांगितलंत ताई, मी तेच करणार होतो 🙈

शिल्पा : बदल : शनिवारी सकाळी तारकर्लीला पोहणं, दुपारी संगमावर फक्त होडी. रविवारी सकाळी आधी स्नॉर्कलिंग, मग किल्ला. स्कूबाची नावं मीनलताईंकडे द्या.

कुलकर्णी काकू : खडपासाठी जुने कॅनव्हासचे बूट चालतील का हो?

सावंत काका : तेच घाला. स्लिपर नको.