सीए फायनल आणि खो-खोचा हंगाम एकाच वेळी आलाय, वेळ कसा लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण) संपली, फायनलच्या अभ्यासाचे सहा महिने सुरू झालेत आणि परीक्षा जानेवारीत द्यायची ठरवली आहे. त्याच वेळी सांगलीतल्या एका मंडळाकडून मी खो-खो खेळते. दिवाळीच्या आगेमागे जिल्हा निवड चाचणी आहे, निवड झाली तर पुढे राज्य अजिंक्यपद. गेल्या हंगामात राखीव खेळाडूंत होते. यंदा पहिल्या नऊ जणींत यायचं आहे, आणि ते जमेल असं आमच्या सरांनाही वाटतं.

घरचे म्हणतात, एका वर्षाचाच तर प्रश्न आहे, खेळ बंद ठेव. पण मी संरक्षणाची, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांना चुकवत पळणारी खेळाडू. साखळी पळताना (बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी जाताना) त्यांच्यापैकी कुणाला खो मिळणार याचा अंदाज, खांबाजवळची हुलकावणी, हे सगळं रोजच्या सरावानेच टिकतं. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, तेव्हापासून आमच्या मैदानावर नव्या मुली खूप येतात. चपळ आहेत. वर्षभर बाहेर बसले तर जागा परत मिळेल असं मला वाटत नाही.

काही जण सुचवतात की राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, तिकडे बघ. माझ्यासोबत खेळलेल्या मुली त्यातून सेवेत गेल्या, त्यांचा मला अभिमान आहे. पण मला ऑडिटच (हिशेबतपासणी) करायचं आहे. आर्टिकलशिपमध्ये ते काम मनापासून आवडलं.

अडचण तासांची कमी आणि थकव्याची जास्त आहे. पहाटे डोकं छान चालतं. संध्याकाळी सराव करून आले की जेवणानंतर एफआरचं (फायनान्शियल रिपोर्टिंग) कन्सॉलिडेशन, म्हणजे समूहातल्या कंपन्यांचे एकत्रित हिशेब, समोर घेते आणि डोळे मिटायला लागतात. त्या दोन तासांत वाचलेलं सकाळी पुन्हा वाचावं लागतं.

फायनलचे तीन-तीन पेपरांचे दोन ग्रुप असतात. जानेवारीत दोन्ही ग्रुप द्यावेत की एकच? आणि सराव कमी करायचा तर कुठला करू? दोन्ही सांभाळलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

मी सीए आहे, आर्टिकलशिपच्या काळात जिल्ह्यासाठी कबड्डी खेळायचो. तुम्ही वयाने लहान दिसता, ‘तू’ म्हणतो.

आधी गणित बघ. पास व्हायला प्रत्येक पेपरात १०० पैकी ४० आणि ग्रुपमध्ये ३०० पैकी १५० लागतात. दोन्ही ग्रुप एकत्र दिले की एका ग्रुपची कमी दुसऱ्यातून भरून निघते, सहा पेपर मिळून ३०० झाले तरी चालतात, मात्र प्रत्येक पेपरात ४० हवेतच. म्हणून सगळे ‘दोन्ही दे’ म्हणतात. पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्याला ते बरोबर आहे. पण तुझा हंगाम नेमका उजळणीच्या दिवसांवर येतोय, आणि सहा पेपरांची उजळणी अर्धवट राहिली तर दोन्ही ग्रुप हातचे जातील. मी म्हणेन, जानेवारीत पहिला ग्रुप. फायनल आता वर्षातून तीनदा होते, जानेवारी, मे, सप्टेंबर. दुसरा मेमध्ये दे. त्यातल्या करांच्या पेपरांसाठी मेच्या परीक्षेला कोणता वित्त कायदा लागू आहे ते आयसीएआयच्या (सीएंची संस्था) सूचनेत नीट पाहून घे, मगच पुस्तकं घे. सहावा पेपर पुस्तक उघडून लिहायचा आणि चार तासांचा आहे, तोही घाईत उरकण्यासारखा नाही.

एफआर आणि एएफएम (अ‍ॅडव्हान्स्ड फायनान्शियल मॅनेजमेंट) पहाटे. दोन्ही हाताने गणितं सोडवायचे विषय आहेत, झोपेत उतरत नाहीत. रात्री नवीन काही घेऊच नकोस, फार तर ऑडिटचे बहुपर्यायी प्रश्न. त्यांना ३० टक्के गुण असतात, आणि जेवणानंतरही ते होतात.

प्रतिसाद २

ताई, मी मुलींना खो-खो शिकवतो. रोज पूर्ण सराव करायची गरज नाही. आठवड्यातले तीन दिवस जोराचे ठेवा: साखळी, दिशा बदलणं, खांबाजवळचं काम. बाकीचे दिवस हलका व्यायाम करून घरी. संरक्षणाच्या खेळाडूचे पाय ताजे हवेत, सतत दमलेल्या पायांनी हुलकावणी जमत नाही. झोप मात्र कापू नका, अभ्यासासाठीही नाही आणि सरावासाठीही नाही. झोप अपुरी पडली की गुडघे आणि घोटे दुखावतात.

आणि सरांना परीक्षेच्या तारखा आजच सांगा. ऐनवेळी गैरहजर राहणाऱ्या खेळाडूवर संघ बांधता येत नाही. आधी सांगितलं तर बहुतेक प्रशिक्षक वाट काढतात.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही खूप आभार. जानेवारीत पहिला ग्रुप हे आता नक्की. आज सरांशी बोलले, जोराचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार ठरले. बाकीच्या दिवशी सकाळी लवकर धावून येईन, म्हणजे संध्याकाळ मोकळी.

एक शंका राहिली. राज्य स्पर्धेला निवड झाली तर मुक्काम संघासोबत, एका खोलीत बऱ्याच मुली, दिवसभर सामने. त्या दिवसांत कुणी अभ्यास केलाय का? की पुस्तकं घरीच ठेवून फक्त खेळावं आणि परत आल्यावर थेट मॉक टेस्टला बसावं? कबड्डीवाले दादा, तुम्ही काय करायचात?